कप्पा एक, तुळसाबाई दोन

सत्याऐंशी सालची, नागपूरची गोष्ट. महालातल्या गिरिधरनं सदरमध्ये कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि गल्लीत त्याचा भाव वधारला. तो वधारलाय हे त्यालाही जरा लवकरच कळलं, तीच गोम.

बहिणीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरलं. वडील वामनराव पत्रिकांवर पत्ते लिहायला बसले, तर हा म्हणाला, "बाबा, हात काहून दुखवता? मशीन छापते."

प्रोग्राम त्यानं आपल्या बुद्धीनं लिहिला. दर नावाला एक कप्पा, कप्प्यात पत्ता. तेच नाव पुन्हा आलं, तर माणसानं घर बदललं असं धरायचं. जुना पत्ता पुसायचा, नवा ठेवायचा. मग पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत एक फेरा, की करकर करत चिठ्ठ्या बाहेर. वामनराव नावं सांगत गेले. परक्यांची आडनावं सांगितली. घरच्या माणसाचं आडनाव कोण सांगतो?

चिठ्ठ्या चिकटल्या, पत्रिका पोस्टात पडल्या. गिरिधर कॉलर ताठ करून हिंडू लागला.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि भिवापूरचे गणपतराव बाजाराला आले, ते दारातूनच म्हणाले, "वामनराव, तुळसाबाई विचारून राहिली, पोरीचं लग्न मोडलं काय?"

तुळसाबाई म्हणजे गिरिधरची आत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हिनंच त्याला भिवापूरला नेऊन वाढवलं होतं. आणि मागच्या गल्लीत दुसरी एक तुळसाबाई होती, पापड लाटायला येणारी, घरच्यासारखीच. तिचंही आडनाव कुणी सांगितलं नव्हतं. गिरिधरच्या लक्षात आलं. यंत्रानं भिवापूर पुसून मागची गल्ली ठेवली होती, आणि तसा हुकूम त्याचाच होता.

वामनरावांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माही एकच बहीण आहे गा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं गिरिधर पत्रिका आणि अक्षता घेऊन भिवापूरला गेला. आत्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आत्याचा हात थांबला नाही. मग तिनं घरात हाक दिली, "सूनबाई, गिरिधर आला. नीट आडनाव विचारून पाणी दे वं, नाहीतर दुसऱ्याच गिरिधरले पाजशील!"

आत सून फिस्सकन हसली. गिरिधरला जमीन दुभंगली तर हवी होती. तिनं आणलेल्या पाण्याला हात लावायची हिंमत होईना. तो खाली बसला आणि ढिगातल्या मिरच्या खुडू लागला.

"शहरी हात आहेत, जळतील," आत्या म्हणाली.

"जळू दे."

ढीग अर्ध्यावर आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसावं तर बोटांना तिखट. तो तसाच मान खाली घालून बसला. शेवटी आत्याचाच पदर पुढे आला.

"मिरचीनं का?" तिनं विचारलं.

गिरिधरनं मान हलवली. नाही.

"मग हात धू. अन् अक्षता दे. त्या तरी हातानं देशील का?"

लग्नात आत्या पहिल्या रांगेत बसली. मागच्या गल्लीतल्या तुळसाबाईला तिनं ओढून शेजारी बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "आमी दोघी एकाच कप्प्यातल्या." मांडव हसत होता. गिरिधर पंगतीत बुंदी वाढत त्यांच्यापर्यंत आला, तेव्हा त्याची बोटं अजून चुरचुरत होती, आणि आत्याच्या पानावरून त्याची नजर काही केल्या वर गेली नाही.