फ्रीजचा स्टॅबिलायझर

काल मिक्सर जळाला. त्या करपलेल्या वार्निशच्या वासाने मी थेट जामखेडला, माहेरी पोचले आणि तेव्हाचा राग जसाच्या तसा परत आला.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बंद पडलेल्या वस्तूंतले ट्रान्सफॉर्मर काढून लाकूड कातायच्या आपल्या छोट्या लेथला जोडायचा भारी नाद. त्या दिवशी भंगारात काही मिळेना, म्हणून त्यांनी चक्क फ्रीजचा चालू स्टॅबिलायझर खोलला. फ्रीजमध्ये माझ्या साखरपुड्याच्या श्रीखंडाचा चक्का! दुपारी व्होल्टेज पडलं, फ्रीज घुरघुरला आणि हाच वास घरभर पसरला.

"आवो, चालू हुता की तो!" आई कडाडली.

"सकाळपास्नं लाईट फुल हुती, म्हणून काढला," दादा पुटपुटले.

"आन् दुपारी शेतीची लाईट येती, गावभर मोटारी चालू होत्यात, ते कुनी ध्यानात ठेवायचं?"

दादांनी नुकतंच कातलेलं लाटणं गुपचूप माझ्यापुढे धरलं. "तुज्या संसाराला."

मी ते हिसकावूनच घेतलं. एका टोकाला जाड आहे मेलं. पोळी अजूनही एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. रोज चिडते, पण दुसरं आणत नाही. दादांवर चिडायला आता तेवढंच उरलंय.