काकांच्या हातची सही

मंडळी, आज आमच्या धायरीची जत्रा होती. पालखीला पहिला खांदा थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. पण बाबांनी जातीबाहेर लग्न केलं आणि धाकट्या काकांनी तो मान लाटला. "त्यो सख्खा न्हाय, पाळलेला हाय," असं गावभर सांगितलं. बाबा हे ऐकतच वारले.

आज काका माझ्याकडे बघत माइकवरून म्हणाले, "आयटीवाल्या पाव्हण्यांचं स्वागत हाय!"

मी मोबाइल काढला. जेजुरीच्या उपाध्यांकडे, यात्रेला आलेल्यांच्या नोंदी असतात तशी, आमच्या घराण्याची जुनी वही सापडली होती. तिच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता: बाबांचं नाव, पुढे 'माझे सख्खे थोरले बंधू' आणि खाली काकांची सही. त्याच माइकवरून वाचून दाखवलं.

पहिला खांदा मी दिला.

आता त्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू का? नुसतं विचारतोय. टाकून झालाय.