तुतू आणि दोनदा नको

ब्राझीलमध्ये इतरत्र लोक कसे वागतात ते त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्या मिनासच्या डोंगरात "जेवायला बसा" म्हटल्यावर जो लगेच बसतो, त्याला एकतर चार दिवसांचा उपास घडलेला असतो, नाहीतर आईबापांनी वळण लावलेलं नसतं. पहिल्यांदा नको म्हणायचं. "आत्ताच जेवून आलो." दुसऱ्यांदाही नको, पण आवाज जरा मऊ. तिसऱ्यांदा, "आता एवढं म्हणताय तर, अगदी एवढंसं वाढा," आणि मग ताट शिगोशीग भरून घ्यायचं. हे आम्हाला बाळघुटीतूनच मिळतं.

या नको म्हणण्यात आमची दोरालिसी वस्ताद. माझ्या थोरलीची ती धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतो आणि एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरतो. अठ्ठेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, बापाचं दुखणंखुपणं काढता काढता केस पिकलेली. एकदा दाढ काढायला गेली. दंतवैद्याने विचारलं, "बाई, भूल आणखी थोडी देऊ का?" तर ही म्हणते, "नको, तुम्हाला कशाला त्रास!" तो बिचारा परगावचा. त्याने खरंच दिली नाही. किंकाळी चर्चपर्यंत ऐकू आली.

पण तिच्या हातचा तुतू! आदल्या दिवशी भिजवलेला घेवडा तमालपत्र घालून मऊ शिजवायची, लाकडी ठोंब्याने रगडायची. चुलीवर डुकराच्या चरबीत लसूण-कांदा लाल झाला की त्यावर तो रगडा ओतायची. मग डाव्या हाताने कसाव्याचा रवा भुरभुरायचा, उजव्याने घोटत राहायचं. डावा हात सैल सुटला की झाल्याच गाठी. शेवटी चरबीच्या डब्यात हात घालायचा. डुक्कर कापलं की आम्ही मांस तळून त्याच्याच चरबीत बुडवून ठेवतो, महिनोन्महिने टिकतं. ते तुकडे वर, शेजारी बारीक चिरलेली हिरवी भाजी, उकडलेलं अंडं आणि कुरकुरीत तळलेली चरबी.

"माझ्या तुतूत जरा गाठी होतात बाई," मी एकदा म्हणाले.

"जरा?" दोरालिसी म्हणाली. "पोरांना दे, गोट्या खेळतील."

मागच्या वर्षी गावातल्या डेअरीत चीजची यंत्रं दुरुस्त करायला दक्षिणेकडून एक मेकॅनिक आला. सेऊ वेंदेलिनो. नावाआधीचं 'सेऊ' आमच्याकडे मानाचं, 'राव'सारखं. पन्नाशीचा विधुर, दाराला डोकं आपटेल इतका उंच. दोरालिसीच्या शेजारीच खोली घेतली होती त्याने. एका गुरुवारी ही कुंपणापाशी उभी राहून रीतीप्रमाणे म्हणाली, "सेऊ वेंदेलिनो, तुतू केलाय, या जेवायला."

"हो," तो म्हणाला, आणि आला! हात धुतले, बसला, तीनदा वाढून घेतलं.

दोरालिसी लगोलग माझ्याकडे. "अगं, एका शब्दात बसला! लाज नाही, काही नाही!" गाल मात्र लालबुंद झाले होते. पुढच्या गुरुवारी तिने डब्याच्या तळाचं, खास सणासाठी राखलेलं मांस काढलं, तेव्हाच मी काय ते समजले.

असे आठ महिने गुरुवार गेले. मग एका गुरुवारी, ही रवा भुरभुरत असताना, तो पाठीमागून म्हणाला, "दोरालिसी, माझ्याशी लग्न कराल?"

आणि ही बया म्हणाली, "छे! काहीतरीच काय!"

झालं. त्याने हॅट उचलली, "जेवणाबद्दल आभार," म्हणाला आणि जेवायच्या आधीच निघून गेला. ही पाठमोरी, घोटत उभी, दुसऱ्यांदा कधी विचारतोय याची वाट बघत. वळून बघते तर दार सताड उघडं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा तुतू करपला.

दोन आठवडे तो फिरकला नाही. मग डेअरीतलं काम संपलं आणि शनिवारच्या बसने तो कायमचा जाणार असं कळलं. दोरालिसी माझ्या ओट्यापाशी येऊन बसली.

"जा आणि सांग त्याला," मी म्हणाले.

"मी? आपणहून? मेले तरी नाही." मग एकदम रडायला लागली. "कोमाद्रे, मला दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही गं. मी सतरा वर्षांची असताना बाबांनी विचारलं होतं, शिवणकाम शिकायला शहरात जातेस का? मी नको म्हटलं. मनात इतकं होतं की रात्रभर झोपले नव्हते. त्यांनी पुन्हा विषयच काढला नाही."

तिच्या बापाला रीत चांगली ठाऊक होती. ते पहिलं नको त्याला सोयीचं होतं, म्हणून त्याने ते खरं धरलं. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात दोन दिल्याच.

मग मी कंबर कसली. आधी तिला चांगली झापली. "तो दक्षिणेकडचा माणूस आहे. त्याचं हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. त्याचा शब्द निघेल तसा धरायचा, उगाच आग्रह करत बसायचं नाही, समजलं? शुक्रवारी त्याला निरोपाचं जेवण घाल." तिने मान डोलावली.

तिथून तडक त्याच्याकडे. तो हत्यारांच्या पेटीत पाने-पकडी भरत होता. "अहो, अक्कल आहे का तुम्हाला? बाईने एकदा नको म्हटलं की हॅट घालून चालायला लागायचं?"

"नको म्हणाल्या ना त्या."

"आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत! दुसरंही नाही. आणि तुम्ही स्वतः हावरटासारखे पहिल्या हाकेला बसता. शुक्रवारी तिच्याकडे तुमच्या निरोपाचं जेवण आहे, तिथे जरा नको म्हणायला शिका, मग बघा ती कशी आग्रह करते. मान वाटतो हो बाईमाणसाला."

त्याने चक्क वहीत लिहून घेतलं. माझी छाती अशी फुगली! एका दिवसात दोघांना शहाणं केलं होतं मी.

शुक्रवारी दुपारी मी भाजी चिरायच्या निमित्ताने तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. तो आला. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. दोरालिसीने वाफाळता तुतू टेबलावर ठेवला. वास असा की मला राहवेना, मी चरबीचा एक मोठा कुरकुरीत तुकडा तोंडात टाकला.

"वाढू का, सेऊ वेंदेलिनो?"

त्याने माझ्याकडे बघितलं, शहाण्या विद्यार्थ्यासारखं. मग म्हणाला, "नको. आत्ताच जेवून आलो."

दोरालिसीचा चेहरा पांढराफटक पडला. तिलाही माझा धडा आठवला. "बरं," एवढंच म्हणाली, आणि पातेलं उचलून चुलीकडे नेलं.

मला ओरडायचं होतं, पण तो तुकडा आतून निखारा निघाला! जीभ भाजली, डोळ्यांत पाणी, गिळता येईना की थुंकता येईना. नुसतेच हात हलवत होते. सेऊ वेंदेलिनोची नजर पातेल्यामागोमाग गेली. टेबलाखाली एक बोट मुडपून तो दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला. पोट इतक्या जोरात गुरगुरलं की मांजर उठून बाहेर गेलं.

"कॉफी?" दोरालिसीने क्षीण आवाजात विचारलं.

"नको," तो म्हणाला, आवाज जरा मऊ करून.

"बरं." कॉफीही गेली.

तो उठला. हॅट घेतली. दारापर्यंत अशी पावलं टाकत गेला की कुणीतरी थांबवेल. कुणी थांबवलं नाही. अंगणाचं फाटक करकरलं आणि माझ्या घशाखाली एकदाचा तुकडा उतरला.

"अगं दोरालिसी, मीच त्याला—"

"तू गप्प बस!"

हातातला डाव तिने आपटला. रव्याने माखलेल्या हातांनीच ती फाटकापर्यंत पळत गेली. मी तिला पळताना कधी बघितलं नव्हतं.

"हो!" ती ओरडली.

तो वळला. "हो काय? मी काही विचारलं नाही."

"दोन आठवड्यांपूर्वी विचारलंत. त्याला हो. आणि आता आणखी एकदा विचारत बसू नका, मला पुन्हा नको म्हणायची सवय आहे!"

रस्त्यावरून दुधाच्या किटल्या नेणारा माणूस थांबून बघत होता. शेजारच्या खिडक्या उघडल्या. सेऊ वेंदेलिनोने हॅट काढली, छातीशी धरली, आणि इतक्या हळू बोलला की मला फाटकाजवळ जाऊन ऐकावं लागलं.

"मी सकाळपासून उपाशी आहे, दोरालिसी."

"मग चला," ती म्हणाली. तिने रव्याचे हात कमरेला बांधलेल्या जुन्या फडक्याला पुसले आणि त्याचा हात धरला, सगळ्या गावासमोर.

ताटं तिने दोनच वाढली. बापाची उस्तवार करता करता इतकी वर्षं चुलीशी उभ्याने जेवणारी ती बाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मला कुणी एकदाही विचारलं नाही.