थांबलेला ठिपका

महाड स्टँडवरच्या चहाच्या टपरीत दासगावचे एक चाचा रोज भेटायचे. सारा जन्म जहाजावर गेलेला. मोबाईलच्या नकाशावर त्यांच्या मुलाचं जहाज ठिपका होऊन सरकायचं. एक दिवस भर समुद्रात ठिपका थांबला. जहाज बुडालं, असं कंपनीनं कळवलं. चाचा मात्र तोच वेग, तीच दिशा धरून रोज पुढची जागा काढायचे आणि नकाशावर मला नखानं दाखवायचे.

“ढगांत तारे दिसत नाय, तवा आमी असंच करतो रे. बोट चालतच असते.”

परवा ते अर्धा चहा ठेवून उठले. “आज पहाटं बोट मुंबईला लागली असंल.”

मुंबईहून एसटी आली, रिकामी झाली. चाचा दारातच उभे.

“आत बघा जरा, कुणी झोपला असंल,” ते कंडक्टरला म्हणाले.

कंडक्टरला सगळं ठाऊक होतं. तो पुन्हा आत चढला.