माझ्या अक्षरातला माफीनामा

मला खुर्ची दिली. आईला पायरीखाली, चपलांजवळ बसवलं.

देवळाच्या सभामंडपात गावकी भरली होती. सतरंजीवर सगळे पुरुष. मधे एकच प्लास्टिकची खुर्ची, माझ्यासाठी. पुढ्यात स्टूल, त्यावर कोरे कागद, पेन आणि अंगठ्यासाठी शाईची डबी. आई डोक्यावर पदर घेऊन खाली बसली होती. कुणाची तरी सँडल तिच्या गुडघ्याला टेकली होती. तिने ती बाजूला सारली नाही.

"शिकल्याली पोर हाय आपल्या गावची," अण्णा म्हणाले. "तिला खुर्चीच पायजे. लिव, बाय. आमाला काय तुज्यासारखी भाषा येत नाय."

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गावकीत शेवटचा शब्द त्यांचा. मी पदवीधर झाले तेव्हा याच मंडपात त्यांनी मला शाल दिली होती. त्या दिवशी खुर्चीत बसताना मला ती शाल आठवली आणि बरं वाटलं. आई चपलांत बसलेली, आणि मला खुर्चीचं बरं वाटलं. हे आधी लिहून टाकते. नंतर लिहायचं धैर्य राहील याची खात्री नाही.

मी आईचा माफीनामा लिहीत होते. ती येशूची प्रार्थना करत होती, हा तिचा गुन्हा.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, पोशीरच्या बाजूला. भाताचं गाव. मी कर्जतला वाचनालयात काम करते. वडील खोपोलीला एका कारखान्यात फिटर होते. महामारीच्या पहिल्या वर्षी ते आजारी पडले. गावाने रस्त्यावर बांबू आडवे बांधले होते. रुग्णवाहिका बांबूच्या पलीकडे थांबली आणि वडील स्वतःच्या पायांनी चालत तिच्यापर्यंत गेले. त्यानंतर आम्ही त्यांना पाहिलं नाही. प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी दुरून दाखवलं, तेवढंच. गावातलं कुणी उंबऱ्याशी आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. सगळेच घाबरले होते.

पाचव्या दिवशी आईच्या फोनवर एका बाईचा फोन आला. मार्थामावशी. दहिवलीला राहणारी, वडिलांना ठेवलं होतं त्या दवाखान्यात आया म्हणून काम करणारी. वडिलांच्या कागदावरून तिने नंबर घेतला होता.

"बाई, तुमचे मालक एकटे गेले नाहीत," ती म्हणाली. "मी हात धरून होते."

आईने फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "तुमाला भ्या नाय वाटलं?"

"वाटलं की. म्हणून तर प्रार्थना करत होते."

फोन स्पीकरवर होता, म्हणून मला हे शब्द माहीत आहेत. आईने विचारलं, "ती प्रार्थना मला सांगाल?"

सगळं तिथून सुरू झालं. कुणी तिला काही आमिष दाखवलं नाही. वडील गेल्यापासून आई भरदुपारी कडी लावून बसायची. विहिरीवर एकटी जायची नाही. भांडं पडलं तरी दचकायची. मी तिच्यासाठी गोळ्या आणल्या. भीतीवर लिहिलेली दोन पुस्तकं आणून मी स्वतः वाचली. मार्थामावशी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायची. दहा मिनिटं. आई डोळे मिटून ऐकायची. प्रभू मेंढपाळ आहे आणि अंधाऱ्या दरीतही तो बरोबर चालतो, असं काहीसं. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अडाणी माणसाला एवढं पुरतं.

महिनाभरात आईने कडी काढली. दुपारी दार सताड उघडं. एकदा विहिरीवरून येताना ती गुणगुणत होती. बांबू निघाले, तशी ती रविवारी टमटमने दहिवलीला, मार्थामावशीच्या प्रार्थनेला जायला लागली. परत यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही.

मग जत्रेची पालखी आली. पालखी दारोदार थांबते, घरची बाई ओवाळते. आई आतच उभी राहिली. पुढच्या वर्षीही तेच. कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "माजी आरती एकाच्या नावानं झाली. दोघांना फसवायचं नाय." पोरं तिला 'हालेलूया म्हातारी' म्हणून हाका मारायला लागली. ती हसायची.

गावकीने आम्हाला वाळीत टाकलं. आमच्याकडे कुणी यायचं नाही, आम्ही कुणाकडे जायचं नाही. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, मुलगी खालापूरकडची. आमच्याकडे लग्नाचा मांडव गावकी घालते, जेवण गावकी रांधते. मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला, गाव नसेल तर मुलगी नाही. भाऊ माझ्यापुढे बसून रडला. आणि अण्णांनी मार्ग काढला. माफीनामा.

माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. त्या कायद्याची पुस्तिका आमच्या वाचनालयात आहे. रॅकवर मीच लावली. तरी मी खुर्चीत बसले.

मी लिहिलं: "पतीच्या निधनानंतर मी मनाने कमकुवत झाले व भूलथापांना बळी पडले. यापुढे मी अशा प्रार्थनेस जाणार नाही." वाक्य जमलं होतं. अण्णांनी वाचून मान डोलावली. "झ्याक."

कागद खाली आईकडे गेला. आदल्या रात्री तिने विचारलं होतं, "काय लिव्हनार हायस गं?" मी म्हटलं होतं, "लग्नाला गावाने यावं, एवढंच." तिला वाचता येत नाही, या भरवशावर.

आईने कागद मांडीवर ठेवला. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"प... ती... च्या," ती म्हणाली.

ती वाचत गेली. एकेक अक्षर, बोट सरकवत, मोठ्याने. मार्थामावशीने तिला दर रविवारी शिकवलं होतं, मोठ्या टायपातल्या त्यांच्या शास्त्रावरून, बायबलवरून. मला सांगितलं नव्हतं. लाजली असेल. बावीस वर्षं मी लोकांच्या हातात पुस्तकं देत आले. स्वतःच्या आईला एक अक्षर शिकवलं नाही.

'कमकुवत'पाशी ती अडली. वर माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काय गं, बाय?"

"कमकुवत." मी म्हटलं. "म्हणजे दुबळी."

"दुबळी हाय मी?"

कुणीतरी हसलं. मी खाली बघितलं. आईने उरलेलं वाचलं. सगळं. शेवटच्या ओळीला तिचं बोट जरा थांबलं.

"वाचतीस म्हंजे सही पण येत असंल," अण्णा म्हणाले. "कर मंग सही."

"येती. पन ती हितं नाय करायची."

"का गं?"

"मी ती देवाच्या पुस्तकावरनं शिकले. असल्या कागदावर नाय टाकायची." आणि तिने अंगठा पुढे केला. "पोराच्या मांडवासाठी ह्यो घ्या."

अंगठा मी धरला. शाईत मी बुडवला. कागदावर मी दाबला.

लग्न झालं. आई दहिवलीला गेली नाही. मी एकदा म्हटलं, हळूच जा, कोण बघतंय? ती म्हणाली, "अंगठा दिलाय. तुमी खोटं लिव्हलं म्हून मी खोटं वागू?" सातचा फोनही तिने बंद करायला सांगितला. तीही प्रार्थनाच, म्हणाली. हळूहळू दुपारची कडी पुन्हा लागली. भांडं पडलं की दचकणं पुन्हा आलं. ज्या एका जागी तिला सुरक्षित वाटत होतं ती जागा मी माझ्या वळणदार अक्षरात बंद केली, आणि मग ती रोज थोडी थोडी घाबरत असलेली बघत राहिले.

दीड वर्ष गेलं. भाताची कापणी संपली तेव्हा ती गेली. हृदय. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "मला दहिवलीच्या मातीत ठेव. मार्थाला सांग."

मी मार्थामावशीला कळवलं. ती आली, पांढऱ्या साडीत. तिला अंगणात येऊ दिलं नाही. अण्णांनी कागद आणला होता. प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला. अंगणात उभं राहून त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. "तिनं लिव्हून दिलंय. ती आपली हाय. आपल्या सोनापुरावरच जळनार."

भाऊ खाली बघत होता. त्याची बायको पोटुशी. मी म्हणू शकले असते, ते तिने लिहिलेलं नाही, मी लिहिलंय. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी गिळलं. आईला सरणावर नेलं. मार्थामावशी रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभी होती, ओठ हलत होते. मी तिच्या समोरून गेले आणि बघितलं नाही.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी सात वाजता आईचा फोन वाजला. मी उचलला. मार्थामावशी होती. मला वाटलं, ती बोल लावेल, जाब विचारेल. तिने काहीच विचारलं नाही. "डोळे मिट, पोरी," म्हणाली आणि आईसाठी करायची तीच प्रार्थना केली. मी भिंतीला टेकून ऐकली. दीड वर्षं छातीत घट्ट बसलेलं काहीतरी सैल झालं. आईला काय मिळत होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिच्याकडून काय हिरावलं, तेही. ज्याने मला शांत वाटलं ते मी तिला मिळू दिलं नव्हतं. आजही रोज फोन येतो, आजही मी उचलते, आणि रोज वाटतं की हे मी चोरून खातेय.

गेल्या महिन्यात अण्णा वाचनालयात आले. वरच्या आळीतली एक सून दहिवलीला जाते म्हणे. दोनदा मूल पोटातच गेलेली, घाबरलेली पोर.

"रविवारी मंडपात ये. मागच्यावानी लिव," ते म्हणाले. "त्यो कागद लय भारी झाला हुता."

"नाही लिहिणार."

"काय?"

"नाही."

ते हसले. "तू पन हालेलूया झालीस का काय?"

"अजून नाही. झाले तर तुम्हाला विचारणार नाही."

"भावाचा इचार कर. त्याच्या घरात तान्हं पोर हाय."

ते निघून गेले. मी शूर नाही. मी उठून रॅकवरून ती पुस्तिका काढली आणि वाचायला बसले.

रविवारी मी मंडपात गेले. ती सून पायरीखाली, चपलांजवळ बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"अगं वर ये, तुला खुर्ची ठेवलीय," कुणीतरी म्हणालं.

मी गेले नाही. घरी लिहून आणलेला माझा कागद बसल्या जागेवरून वाचला. माझ्या आईचा माफीनामा तिचा नव्हता. मजकूर माझा होता, अंगठा मी दाबून घेतला होता, आणि सांगणारे अण्णा होते. पुढे हजर असलेल्यांची नावं. कागदाची एक प्रत मी सकाळीच पोलीस ठाण्यात दिली होती. दोषींच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

अण्णांनी कागदासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. भाऊ मंडपातून उठून गेला, तो त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. कदाचित बोलणार नाही.

आईचं शास्त्र माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर पेन्सिलीने तिने स्वतःचं नाव लिहिलंय, वाकडंतिकडं, रेघ सोडून खाली घसरलेलं. तिची सही तेवढी एकच. ती कुणाच्या माफीनाम्यावर नाही.

पुढचा माफीनामा हे गाव कुणाकडून तरी लिहून घेईलही. माझं अक्षर त्याला मिळणार नाही. ज्याचं मिळेल त्याच्याविरुद्ध मी साक्षीला उभी राहीन. आणि मी स्वतः काय केलं, ते आधी सांगेन.