निळी राहिलेली शाई

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या. पण जिच्यामुळे एका बाईला घर सोडून जावं लागलं अशी एकच झाली, आणि ती शाईपायी झाली.

श्रीवर्धनच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा पंचविशीत होतो. इंग्रजी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात शाया जमवायचो. मामांनी मुंबईहून एक फाउंटन पेन दिलं होतं. गावात तशी पेनं चार-पाच जणांकडेच होती. बाकी सगळा कारभार दौत आणि टाकावर चाले. मला वेड होतं ते ब्लू-ब्लॅक शाईचं. ही शाई कागदावर उतरते तेव्हा निळी असते आणि मग दिवसादिवसाने काळी पडत जाते. तिच्यात लोखंडाचा अंश असतो, तो हवेने काळवंडतो. एकदा काळी पडली की पाण्यात बुडवली तरी अक्षर जात नाही. आमच्या दमट हवेत, जिथे कपाटातल्या वहीलाही बुरशी येते, तिथे अशी शाई म्हणजे मोठाच आधार वाटायचा.

माझ्याकडे एक विलायती बाटली होती, बसकी, जाड काचेची. आणि एक जर्मन, उंच मानेची. दोन्ही आगबोटीने येत. बोटी पावसाळ्यात बंद होत, म्हणून वैशाखातच बेगमी करून ठेवायचो. एकाच कागदावर दोन्ही शायांनी एकच ओळ लिहायची, कागदाचा एक भाग पाण्यात बुडवायचा, एक उन्हाला लावायचा, आणि पडवीतल्या दोरीला टाचणीने अडकवून रोज सकाळी बघायचं. टाचण्या खाऱ्या वाऱ्याने आठवड्याभरात गंजत. विलायती शाई पाच-सहा दिवसांत गर्द व्हायची, महिन्याभरात पूर्ण काळी. जर्मन जरा सावकाश काळी व्हायची, पण तिचा काळा अधिक खोल. शाळेतली मुलं मला मागून शाईमास्तर म्हणत. मला ते आवडायचं.

माझ्या या नादात गावात एकच माणूस सामील होता. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती. सरकारी नोकरी करून परतलेले, बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना आबा म्हणत. संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर जायचो. ते विलायती शाई वापरत. आम्ही एकमेकांचे कागद बघायचो, निब घासायचो, शाईत साका धरू नये म्हणून काय करावं यावर तासभर बोलायचो. आतून एक बाई चहा आणून ठेवायच्या.

त्या आबांच्या लांबच्या नात्यातल्या. लहानपणीच नवरा गेलेला. तिशीत स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि चौदा वर्षं राहिल्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू. घर, वाडी, आबांचा दमा, सगळं त्यांनी सांभाळलं. आबांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं, आपल्याच अक्षराचे कित्ते घालून. त्यामुळे त्यांचं अक्षर हुबेहूब आबांसारखं होतं, फक्त थोडं बारीक. गावात त्यांच्याबद्दल लोक काहीबाही बोलत. आबांनी ते कधी मनावर घेतलं नाही. काकूंनी घेतलं असेल, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

एका भाद्रपदात दमा वाढून आबा गेले.

तेराव्याला मुंबईहून दोन पुतणे आले. सगळं आटोपल्यावर काकूंनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. आबांच्या हातचा, आबांची सही. आपल्यामागे काकूंनी हयातभर याच घरात राहावं, वाडीचं उत्पन्न घ्यावं, आणि त्यांच्यानंतर सगळं पुतण्यांकडे जावं, असा मजकूर. तारीख दीड वर्षापूर्वीच्या चैत्रातली. साक्षीदार कोणी नव्हतं.

पुतणे म्हणाले की अक्षर आबांसारखं आहे खरं, पण आबांसारखं अक्षर या घरात आणखी एकीचं आहे. कचेरीत जाण्याऐवजी गावातले तीन जाणते लोक ओटीवर बसले. अक्षरावरून काही ठरेना. मग त्यांच्यातल्या एकाला माझी आठवण झाली.

मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. ओटी माणसांनी भरली होती. काकू माजघराच्या दारात चौकटीला टेकून उभ्या होत्या. थोरल्या पुतण्याने कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, हा दीड वर्षापूर्वीचा आहे की हल्लीचा, ते शाईवरून सांगता येईल का.

मी कागद उजेडाकडे धरला. शाई निळी होती. स्वच्छ निळी, काल लिहिल्यासारखी. आबा कोणती शाई वापरतात हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती महिन्याभरात काळी होते हे मी शंभर वेळा बघितलं होतं. मला क्षणभर आणखीही एक गोष्ट दिसली, ती इथे लिहिलीच पाहिजे. त्या निळ्यात किंचित जांभळट झाक होती. विलायती शाईत ती नसते. मला ती दिसली, आणि मी ती सोडून दिली. वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माझ्या शायांबद्दल बोलतोय आणि सगळं गाव कान देऊन ऐकतंय, असं याआधी कधी झालं नव्हतं.

मी सगळं समजावून सांगितलं. लोखंड, हवा, पाच दिवस, महिना. मग म्हणालो, "ही शाई दीड वर्षाची नाही. फार तर चार-पाच दिवसांची असेल."

काकू दारातून म्हणाल्या, "मास्तर, नीट बघा."

"नीटच बघितलं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात राग नव्हता. एखाद्याने आपल्याला हाक मारून मग ओळखच दाखवू नये, तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. थोरल्या पुतण्याने कागद माझ्या हातून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने तो न्हाणीच्या चुलीत घातला, असं मागाहून कळलं. आठ दिवसांनी काकू एक ट्रंक घेऊन बैलगाडीने हरिहरेश्वरला गेल्या. तिथे त्यांच्या माहेरच्या कोणाचं तरी घर होतं. गाडी शाळेवरून गेली. मी वर्गात होतो. खिडकीशी गेलो नाही.

वाडी पुतण्यांनी खंडाने दिली. त्या वाटेने मी फिरायला जायचो. रहाटाचा आवाज पूर्वीसारखाच यायचा, पण ओटीसमोरून जाताना पाय भरभर उचलले जात. आतून कोणी चहा घेऊन येईल आणि मला बघून दारातच थांबेल असं वाटायचं. एकदा भर दुपारी मला माजघराच्या दारात लुगड्याचा काठ दिसला. थांबून बघितलं तर खंडकऱ्याने गोणपाट वाळत टाकलं होतं. तरी मी त्यानंतर लांबच्या वाटेने जाऊ लागलो. आपण खरं तेच सांगितलं, असं मनाशी म्हणायचो. खरं सांगणाऱ्याला वाट का बदलावी लागते, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

तीन वर्षं गेली. पुतण्यांनी घर आणि वाडी विकायला काढली आणि आबांची पुस्तकं शाळेला देऊन टाकली. ती आणायला मला पाठवलं. कपाटात पुस्तकांमागे एक छोटी बाटली होती, अर्धी रिकामी. चिठ्ठीवर देवनागरीत 'स्वदेशी ब्लू-ब्लॅक' असं छापलेलं. बनवणाऱ्याचं नाव ओलीने पुसून गेलं होतं. स्वदेशीची लाट होती तेव्हा मुंबईत घरोघरी लोक शाई, साबण, काड्यापेट्या करत, त्यातलीच ती. बाटलीजवळ एक लांबट वही होती. आबा रोज वारा कुठून आहे, भरती कुठवर आली, झाडांवर काय आलं, हे दोन-दोन ओळींत तारखेसह लिहून ठेवत, ते मला माहीत नव्हतं.

वही उघडली. सुरुवातीची पानं काळी. मग एका फाल्गुनापासून अक्षरं निळी झाली. कागदावर तारीख होती तोच चैत्र निळा, वैशाख निळा, सगळा पावसाळा निळा. दिवाळीनंतर पुन्हा काळी. त्या निळ्यात जांभळट झाक होती.

मला आठवलं, त्याच ओटीवर बसून मी देशी शायांची थट्टा केली होती. म्हणालो होतो की असल्या शाईने पेन भरण्यापेक्षा जांभळं कुस्करून भरावीत. आबा हसले होते. त्यांनी ती शाई नऊ महिने वापरली आणि मला कधी दाखवली नाही.

तरी मला आशा होती, की आपलंच खरं ठरेल. मी बाटली घरी आणली, पेन धुतलं, ती शाई भरून एक ओळ लिहिली आणि कागद दोरीला लावला. रोज सकाळी उठून आधी तो कागद बघायचो. पाच दिवस झाले, निळा. पंधरा दिवस, निळा. शाई काळी व्हावी म्हणून देवाला हात जोडणारा माणूस दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. दोन महिन्यांनी एके सकाळी मी त्यावर पाण्याचा थेंब टाकला. अक्षर वाहून गेलं. त्या शाईत लोखंड नव्हतंच, नुसता रंग होता. ती कधीच काळी होणार नव्हती.

वही घेऊन मी हरिहरेश्वरला गेलो. देवळाच्या वाटेवर एका घरात यात्रेकरूंची जेवणाची सोय होती, तिथे काकू होत्या. पडवीत बसून वाती वळत होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी पाट सरकवला. मी वही त्यांच्यापुढे उघडून सगळं सांगितलं, माझ्या थट्टेपासून पाण्याच्या थेंबापर्यंत. जांभळी झाक मला दिसली होती, हेही सांगितलं. त्यांचा हात वातींवर चालूच होता.

मी विचारलं की आबा ती शाई वापरतात हे त्यांना माहीत होतं का. त्या म्हणाल्या की पेन भरताना त्या बघत, पण बाटली ही की ती, हे कधी लक्षात घेतलं नाही. शाईतलं कळणारे मास्तर समोर होते, त्यांना आपण काय सांगणार.

मग त्यांनी विचारलं, "तो कागद कुठे आहे?"

तो जाळल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. वाती वळणारा हात तेव्हा थांबला.

"त्यात त्यांनी मला मुलगी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीत. चौदा वर्षांत तोंडाने कधी म्हणाले नाहीत. मास्तर, तुम्ही शाई बघितलीत. वाचलंत का?"

मी वाचलं नव्हतं. मजकूर तिघांपैकी एकाने थोडक्यात सांगितला तेवढाच मला माहीत होता. कागद हातात असताना मी एक शब्दही वाचला नव्हता.

परत येऊन मी त्या तिघांकडे गेलो. एक वारले होते. दुसरे म्हणाले, झालं ते झालं, आता गावात पुन्हा कशाला विषय. तिसऱ्यांनी वही बघितली आणि आमची चूक झाली असं लिहून सही करून दिलं. पुतण्यांना मी दोन पत्रं पाठवली. थोरल्याचं उत्तर आलं की घर विकलं गेलं आहे, आणि तेव्हा मास्तरांनीच खात्रीने सांगितलं होतं. ते खरंच होतं. तिसऱ्या गृहस्थांची चिठ्ठी मी काकूंना नेऊन दिली. त्यांनी ती वाचून माजघरात ठेवली. परत येण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, कुठे?

त्यानंतर दरवर्षी माघात मी हरिहरेश्वरला जायचो. चिठ्ठीबरोबर नेलेली वही मी त्यांच्याकडेच ठेवली होती. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा मी वाचून दाखवायचो आणि त्या ऐकायच्या. "आज वारा दक्षिणेचा. कोकमं वाळत घातली. बाईला ताप." त्या म्हणायच्या, हो, तेव्हा आला होता ताप. निळी पानं आली की मी वही खाली ठेवायचो. त्या थांबायच्या, आणि मी पुढे वाचायला लागलो की पुन्हा वाती वळायला घ्यायच्या.

एकदा मी धीर करून म्हणालो, की कागदावरची ती ओळ त्यांना आठवत असेल तर त्यांनी सांगावी, मी वहीत उतरवून ठेवतो.

"मला तोंडपाठ आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हाताने नको, मास्तर."

त्या गेल्या त्या वर्षी मी माघात गेलो तेव्हा घरच्यांनी वही माझ्या हातात दिली. त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. कुठेतरी, समासात, त्यांच्या बारीक अक्षरात ती ओळ सापडेल असं वाटलं. नव्हती. डोळे मिटले की तो कागद मला अजून दिसतो, भाद्रपदातल्या त्या उजेडात धरलेला. प्रत्येक रेघ दिसते, जांभळी झाकही दिसते. दुसऱ्या ओळीशी थांबून मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. शब्द लागत नाहीत.