हाव म्हणजे हो नव्हे

तायडे गेल्याचा फोन त्याच्या लेकीने, सुनंदाने केला. "चाचा, बाबा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच नाई." माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगलं झालं." लगेच जीभ चावली. पण पलीकडून ती शांतपणे म्हणाली, "हाव चाचा, आमालेबी तसंच वाटलं." दोन वर्षं हृदयविकाराने त्याला घरात बसवलं होतं, आणि नळ्या लावून दवाखान्यात पडून राहायची त्याला भारी धास्ती. ती वेळ आली नाही. महिना उलटला तरी दुःखापेक्षा सुटल्याचीच भावना मोठी आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. दुष्काळ सरला होता, सरकारी बंधारे आणि विहिरी जागोजागी झाल्या होत्या. त्यांचा लोकांना खरोखर उपयोग होतो का, हे पाहणारी माणसं तयार करायला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या भाड्याच्या इमारतीत विभागीय प्रशिक्षण केंद्र निघालं. शेजारच्या राज्यांतून, एकदा तर नेपाळहूनही माणसं शिकायला आली. कामाचं कागदावरचं नाव 'संनियंत्रण व मूल्यमापन'. म्हणताना जबडा दुखायचा. तायडे त्याला सरळ 'इचारपूस' म्हणायचा. लोकांना प्रश्न कसे विचारावेत हे तो शिकवायचा, आलेल्या उत्तरांची आकडेमोड मी. मी कापडदुकानदाराचा मुलगा, मला आकड्यांचा लळा. त्याला त्यांचाच संशय. आमचं रोज वाजायचं.

मानोऱ्याकडच्या एका गावात नवी सरकारी विहीर झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक आता गुण्यागोविंदाने नांदतात. आमचे प्रशिक्षणार्थी तिथल्या बौद्ध वस्तीत घरोघर विचारून आले, "नव्या विहिरीचं पाणी मिळतं का?" झाडून सगळे म्हणाले, "हाव." मी खूश. मुंबईचे साहेब पाहणीला यायचे होते, आणि केंद्र चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे त्यांच्याच हातात होतं. असा निकाल दाखवायला कुणाला आवडणार नाही? तायडेचा चेहरा मात्र उतरला.

"कोन्या सुरात म्हनले हाव?" त्याने विचारलं. बाहेरून आलेली मुलं बुचकळ्यात पडली. मग त्याने म्हणून दाखवलं. तुटक 'हाव' म्हणजे हो. लांबवलेला 'हाऽव' म्हणजे ऐकून राह्यलो, बोला तुमी. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं आमच्याकडे जिवावर येतं. नेपाळचा थापा एकदम हसला. "सर, हमारे यहाँ 'हजुर' भी ऐसा ही है."

पुन्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "तूच जा ना, तुझेच लोक आहेत, मोकळेपणाने बोलतील."

"म्हनूनच जात नाई, मुश्ताकभाई. मी गेलो तं साहेब म्हनन, तायडेनं आपल्या लोकायसाठी रचलं. मंग त्यायचं पानीबी जाईन आन् आपलं केंद्रबी." मग मुलांकडे वळून म्हणाला, "मियते का, हे सोडा. आज सकायी पानी कुठून आनलं, थे इचारा. आन् इचारल्यावर गप बसा."

मुलं वस्तीत गेली, आणि हा गावाबाहेर जीपमध्ये बसून राहिला. मी दोनदा चहाला बोलावलं, उतरला नाही. स्वतःच्या माणसांबद्दलचा प्रश्न दुसऱ्यांच्या तोंडी देऊन असं हात बांधून बसणं... मला जमलं नसतं. मुलं परतली ती खाली मान घालून. सकाळचं पाणी नाल्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्याचं होतं. नव्या विहिरीवर वस्तीतल्या बायांनी लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं घ्यायचं.

साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि ज्याची भीती होती तेच विचारलं, "तायडे, वस्ती तुमच्याच समाजाची ना?" थापा उठून उभा राहिला. "साहब, पूछा तो हमने. ये तो जीप में बैठे थे." बाकीच्या मुलांनीही माना डोलावल्या. साहेब नरमले. म्हणाले, "ठीक आहे, वस्तीसाठी दुसरी विहीर सुचवू." मी मनात अल्लाचे आभार मानतोय, तेवढ्यात हा पठ्ठ्या म्हणतो, "दुसरी कायले, साहेब? हे गावाची म्हनूनच बांधली ना सरकारनं? हेच मोकयी करा."

अरे बाबा, पदरात पडतंय ते घे! मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय मागे घेतला, शब्द मात्र नाही. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "लिहा तसं."

तहसीलदार स्वतः विहिरीवर येऊन उभे राहिले आणि वस्तीतल्या बायांनी आपापल्या दोरांनी पाणी शेंदलं. गावाने काही दिवस तोंड वाकडं केलं, मग कंटाळून सोडून दिलं. केंद्रालाही मुदतवाढ मिळाली. त्या संध्याकाळी तायडेने एवढी भजी खाल्ली, की हॉटेलवाल्याने पुन्हा कढई चढवली. खाता खाता हसत होता आणि डोळेही पुसत होता. मिरची लागली म्हणाला. मी मान्य केलं.

परवा त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, आणि सुनंदाच्या मुलाला घेऊन मी त्या गावाला गेलो. नळ येऊन पुष्कळ वर्षं झाली. विहिरीवर जाळी बसवली आहे, पण मोटर लावून पाणी अजून घेतात. कठड्याजवळ एक तरुण बाई गोधड्या धूत होती. कोणत्या घरची, मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, "बाई, ही विहीर कोणाची?"

तिने हात थांबवला आणि वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"कोनाची म्हंजे? गावाची."